कड्याखालच्या पाच जणी

"घाल अजून."

मुकादम म्हणाला. माझ्या डोक्यावरच्या पाटीत चार धोंडे होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मार्थानं पाचवा उचलला आणि ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"घाल म्हन्तो ना!"

तिनं घातला. मान आत दबली.

"आता ऱ्हा उभी. काल कामावर यायचं सोडून देवळात विसावा खात हुतीस न्हवं? सांग तुज्या येशूला, वझं उतरीव म्हनावं."

मी उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं. सगळं काम थांबवून त्यानं माणसांना बघायला लावलं. घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. मग माझी लघवी झाली. उभ्या उभ्या, लुगड्यातच. पुरुष हसले. बायांनी खाली माना घातल्या.

"येशूवाले झाले म्हून जात धुतली गेली व्हय?" मुकादम म्हणाला. "उतर आता. जा."

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गावाबाहेर पाझर तलावाचं सरकारी काम चाललं होतं. खाणीत दगड फोडायचा, बायांनी पाटीनं बांधावर टाकायचा. मुकादम पाटलाचा भाचा. नवरा काम शोधायला केडगावकडे गेला होता, तीन महिने त्याचा निरोप नव्हता. माझी पहिली मुलगी आदल्या वैशाखात जुलाबानं गेली. मी रडले नव्हते. रडायला बसावं लागतं. मला बसायला सवड नव्हती.

आम्ही आज्याच्या काळापासून ख्रिस्ती. पण नावापुरते. प्रार्थना पाठ होती, कधी मनानं ऐकलेली नव्हती. त्या रविवारी सासूबाईंच्या आग्रहानं मी कामावर खाडा करून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेले. पत्र्याची एक खोली, खाली तरट. गावोगाव चालत जाऊन बायबल सांगणारी बायबलबाई आली होती, म्हातारी, पायांना भेगा पडलेली. ती म्हणाली, "दमलेली, वाकलेली मानसं त्याला हवीत. धडधाकट न्हाई. तो म्हन्तो, या, टेका जरा."

मी टेकले. आणि झोपले. प्रार्थना चालू असताना, तरटावर आडवी होऊन.

जागी झाले तेव्हा देऊळ रिकामं होतं. माझ्या अंगावर बाईंची शाल होती. त्या शेजारी बसून होत्या. सासूबाईंनी मला उठवायला हात घातला होता म्हणे, बाईंनी धरला. "निजू द्या तिला. त्याच्या घरी आलीया ती."

मला जन्मात कुणी असं झोपू दिलं नव्हतं. माझी मुलगी आठवली आणि मी त्यांच्या मांडीत तोंड घालून रडले. मुलगी परत येणार नव्हती. पण छातीत वर्षभर अडकलेलं काहीतरी सुटलं. त्या झोपेची शिक्षा सोमवारी मिळाली.

तेवढ्यावर भागलं नाही. मंगळवारी मुकादमानं आम्हां पाच ख्रिस्ती बायांना खाणीच्या आतल्या अंगाला लावलं. डोक्यावर कडा. कड्याला चीर. बाकीच्या माणसांना त्यानं तिथून हलवलं होतं. जेवायच्या सुट्टीतही सगळे लांब जाऊन बसत.

पहिल्या दिवशी चिरेत माझं बोट जात होतं. गुरुवारी अख्खा पंजा गेला. वारा नसताना माती ओघळायची. बारीक, सारखी.

मी मुकादमाला दाखवलं.

"तुमचा देव हाय की धरायला," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी नारळाएवढा दगड माझ्या पायापाशी पडला. मी पाटी खाली ठेवली.

"मी इथं काम करनार न्हाई."

"नाव कापीन."

"काप."

त्याला मी पहिल्यांदाच 'मालक' म्हणाले नाही. तिघी जणी माझ्यामागं निघाल्या. मार्था उभीच. तिच्या घरी दोन लेकरं आणि आंधळा सासरा.

"चल गं," मी म्हणाले.

"आजचा दिस भरते. उद्या येते तुज्यासंगं."

मी तिचा हात धरून ओढायला पाहिजे होतं. ओढलं नाही.

दुपारी कडा कोसळला. आवाज गावात ऐकू आला. आम्ही हातांनी उकरलं, नखं निघाली. मार्था सापडली. जिवंत नव्हती.

संध्याकाळी मुकादमानं सांगितलं, ती कामावर नव्हतीच. सरपणाला आली होती. हजेरीत तिच्या नावापुढं त्या दिवशी गैरहजर लिहिलेलं.

मार्थाच्या मातीला आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, ख्रिस्ती माणसानं क्षमा करावी. आपल्या ख्रिस्ती मंडळीला याच गावात राहायचं आहे."

बाई मागं उभ्या होत्या. "क्षमा कुनी मागितली का साहेब?" त्यांनी विचारलं.

सोमवारी पाटलाचा गडी दारात आला. आत आला नाही. सासूबाईंना म्हणाला, "सुनंला सांभाळा. हिरी कोरड्या हायत्या, पन खोल लई."

सासूबाईंनी दार लावून घेतलं. मीही भ्याले. पण मी देवळात गेले, तरटावर एकटी बसले. काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले. मग खरं काय ते लिहून द्यायला बाईंना घेऊन तालुक्याची वाट धरली.

तहसील कचेरीत मुकादम आधीच पोचला होता. खुर्चीवर. पुढ्यात चहा. कारकुनानं एक कागद माझ्यापुढं सरकवला. मार्था सरपणाला गेली होती, असं त्यात होतं.

"अंगठा लाव."

"मला वाचता येतं," मी म्हणाले. "ह्ये खोटं हाय. दुसरा कागद घ्या. मार्था कामावर हुती. आमाला त्यानं कड्याखाली लावलं. चीर मी त्याला दाखवली हुती."

मुकादम उठला. माझ्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाला, "परत जायची वाट आमच्याच रानातनं हाय."

मला ठाऊक होतं. दुसरी वाट नव्हतीच.

कारकून दौतीचं झाकण लावायला लागला. "उद्या ये."

"उद्या येते. परवाबी येते. फक्त रविवारी यायची न्हाई, त्या दिवशी मी देवळात असते. तुमी लिहीपर्यंत सोमवार ते शनिवार मी या दारात हाय."

आणि मी तिथंच, तहसीलदार साहेबांच्या दारासमोर, भिंतीला पाठ लावून बसले.