वाकलेला स्टड

कुरुंदवाडच्या अण्णाप्पा चौगुल्यांनी स्टड लावला म्हणजे तो लागला, असं कोल्हापूरकडचा कुठलाही ठेकेदार डोळे मिटून सांगतो. डोळे मिटून सांगणाऱ्यांचा मला भारी राग येतो. मी पुलावरची इंजिनिअर, हातात वही आणि नाकावर राग.

स्टड म्हणजे अंगठ्याएवढी जाड, डोकं असलेली लोखंडी खुंटी. पुलाच्या गर्डरच्या, म्हणजे लोखंडी तुळईच्या, पाठीवर अशा खुंट्या रांगेनं वेल्डिंग करून बसवतात आणि वर काँक्रीट ओततात. गर्डर आणि स्लॅब एकमेकांवरून सरकू नयेत, दोघांनी मिळून वजन पेलावं, हे त्यांचं काम. काँक्रीट ओतल्यावर त्या कुणालाच दिसत नाहीत.

स्लॅब ओतायच्या दिवशी सकाळी अण्णाप्पा नेहमीसारखे वाकून एकेका स्टडवर हातोडी मारत निघाले होते. आवाज खणखणीत येत होता. शेवटच्या रांगेत ते थांबले. पुन्हा मारून कान दिला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हंबीरराव, काँक्रीटच्या गाड्या थांबवा. हितं आवाज बद्द येतोय."

ठेकेदार हंबीरराव भडकले. "आवो, तुमीच लावल्यात की! आता झाकून जाणार सगळं."

अण्णाप्पांनी कोपऱ्यातला खोका उचलला. वेल्डिंगचं वितळलेलं लोखंड ओघळू नये म्हणून स्टडच्या बुडाशी चिनीमातीचं कडं लावतात, आणि ते कोरडंठाक असावं लागतं, नाहीतर जोड कच्चा राहतो. त्या कड्यांच्या खोक्याचा तळ ओला होता. आदल्या दिवशी अमावस्या होती. मशीनपुढं नारळ अण्णाप्पांनीच फोडला होता, खोका शेजारी उघडा ठेवून, आणि शेवटची रांग त्यानंतरच लागली होती.

"चूक माजी हाय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "नारळाच्या पाण्यानं कडी भिजली. मीच लावल्यात, मीच मोडणार."

त्यांनी घण उचलला. पहिल्याच घावाला स्टड तुटून उडाला. मग दुसरा, मग तिसरा. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव हा माणूस स्वतःच्या हातानं फोडत होता, आणि हात जराही अडखळत नव्हता. हंबीररावांनी गाड्या परत पाठवल्या.

दुपारपर्यंत कोरड्या कड्यांनी नवी रांग लागली. अण्णाप्पांनी घण माझ्यापुढं धरला.

"म्याडम, आता तुमी हाणा. माज्यावर इस्वास ठिऊ नका."

मी जीव खाऊन हाणलं. स्टड वाकला, पण बुडाशी केसाएवढीही भेग पडली नाही. असा टिकलेला स्टड सरळ करत नाहीत, वाकलेलाच ठेवतात. आज त्याच्यावर वीतभर काँक्रीट आहे.

परवा नव्या पुलावर हंबीरराव म्हणाले, "अण्णाप्पांनी लावल्यात, तपासायचं काय त्यात?"

मी वळेपर्यंत अण्णाप्पा घण घेऊन माझ्याशेजारी उभे होते.