नागपूरला गेले ताईला आणायला, हवा मोजत फिरले

मेच्या मध्यावर नागपूरला कोण जातं? मी गेले. हौसेनं नाही, भीतीनं.

चूक माझीच. माझी मोठी बहीण सुषमाताई लकडगंजात राहते. तिच्या सात वर्षांच्या रुचाला दमा आहे, म्हणून मी पुण्याहून हवेतली बारीक धूळ मोजणारं एक छोटं यंत्र पाठवलं. दोन-अडीच हजारांत मिळतं, तळहातावर मावतं. आकडा कमी तितकं बरं, शंभराच्या वर गेला की जपा, असं मीच फोनवर शहाणपणानं सांगितलं. महिन्याभरात ताईचा फोन. "मीनल, साडेतीनशेच्या खाली येतच नाही गं. खिडक्या बंद केल्या, पोरीचं खेळणं बंद केलं, तरी तेच. मी तिला घेऊन पुण्यालाच येते. कायमची." आणि भाऊजी? त्यांची नोकरी बुटीबोरीच्या कापड कारखान्यात, ते कुठे येणार? म्हणजे एक डबी पाठवून मी चांगला चाललेला संसार दोन गावांत वाटायला निघाले होते. परतीची तीन तिकिटं काढली आणि संध्याकाळची गाडी पकडली.

उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी पोचणारी गाडी घ्या. दुपारी उतरलात तर नागपूर तुमचं स्वागत करत नाही, भाजतं. स्टेशनबाहेर आधी तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा असतो. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं आणि तरी मी दुसरी प्लेट मागितली. तिथून ई-रिक्षानं लकडगंज. वखारींतून ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता, एरवी मला तो फार आवडतो. त्या दिवशी मी नाकाला ओढणी धरली.

घरात खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मला थेट कूलरसमोर बसवलं. शेजारच्या स्टुलावर ते यंत्र लाल दिवा लावून बसलं होतं, आकडा तीनशे बहात्तर. रुचा जमिनीवर चित्रं काढत होती आणि ताई दर दहा मिनिटांनी तिला विचारत होती, "दम लागतोय का?" पोर मान वर न करता "नाही" म्हणायची. कोपऱ्यात बॅग भरून तयार होती. भाऊजी त्या बॅगेकडे बघायचं टाळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी म्हटलं, पुण्याला न्यायच्या आधी बुटीबोरीत एखादी खोली मिळते का ते तरी बघू, तिथली हवा बरी असली तर सगळे एकत्र राहतील. यंत्र पर्समध्ये टाकलं आणि भाऊजींबरोबर निघाले. मेट्रोनं सीताबर्डी, तिथे गाडी बदलून खापरी, पुढे बस. मेट्रो स्वस्त आणि गार, बसमध्ये मात्र सोबत पाण्याची बाटली हवीच. कारखान्यांच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, धूळ, टायरच्या दुकानाचा वास. मी यंत्र काढलं. पंच्याण्णव.

"हे कसं शक्य आहे?" मी भाऊजींना विचारलं. "ट्रकांच्या मधोमध पंच्याण्णव, आणि घरात पावणेचारशे?"

"मले का माहीत वं," ते म्हणाले. "मी त रोज इथं दिवसभर राहतो. मले काई होत नाही."

खोलीचा विषय तिथेच राहिला. घरी येऊन मी पर्स स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, यंत्र बाहेर काढलं. चाळीस. मी पुन्हा पुन्हा बघत होते, तेवढ्यात भाऊजींनी ते उचललं आणि नेऊन कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवलं.

"तिथे कशाला?"

"काहून? आपल्याले इतकी गर्मी होऊन राहिली, मशीनले नाही होणार काय? पुण्याहून आलं बिचारं. पाहुण्याले कूलरसमोरच बसवतेत आपल्याकडे."

आम्ही बघत असतानाच आकडा चढू लागला. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे. मी स्टुलावर हात फिरवला, हात ओला. यंत्राच्या खोक्यातला मुंगीच्या अक्षरांतला माहितीचा कागद शोधला, भाऊजींचा चष्मा मागून वाचला. दमट हवेत किंवा पाण्याच्या फवाऱ्याजवळ ठेवू नये. यंत्र कणांवर प्रकाश टाकून मोजतं, त्याला धुळीचा कण काय आणि पाण्याचा तुषार काय, सारखेच. पाठवण्याआधी मी तो कागद उघडलाही नव्हता.

यंत्र पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. तासाभरानं अडतीस.

ताईनं उठून खिडकीचा पडदा बाजूला सारला. "महिनाभर मी पोरीला कोंडून ठेवलं," एवढंच म्हणाली. भाऊजी उठले, कोपऱ्यातली बॅग उचलली, रिकामी केली आणि माळ्यावर टाकून आले. तिला विचारलंसुद्धा नाही. मग मी तिघांसाठी काढलेल्या तिकिटांतली दोन रद्द केली.

हवा अगदी निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणीतरी भुसा जाळला तेव्हा त्याच फळीवर आकडा दोनशेच्या पुढे गेला, आणि तो खरा होता. तेवढा वेळ खिडकी लावली, मग उघडली. रुचाचा दम्याचा पंप चालूच आहे, तो डॉक्टरांचा विषय. यंत्र घेणार असाल तर जरूर घ्या, पण कागद वाचा, आणि एका आकड्यावरून कुणाच्या घराचा निकाल लावू नका.

स्टेशनवर सोडायला भाऊजी आले. संत्रा बर्फीचा डबा हातात देत म्हणाले, "मले वाटलं होतं, तू दोघीले न्यायलेच आली."

"न्यायलाच आले होते," मी म्हटलं.

पुण्यात पोचल्यावर चार दिवसांनी संध्याकाळी ताईला फोन लावला. तिनं उचलला खरा, पण बोलायला तिला सवड नव्हती. रुचा मैदानावरून धुळीनं माखून आली होती, एक चप्पल हरवून. "कार्टे, अंधार पडला तरी घरी यायचं कळत नाही? पाय धू आधी! चप्पल काय झाडाला लागते?" ताई तोंडाचा पट्टा सोडून रागावत होती. मी फोन कानाला तसाच धरून ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मला रडू आलं.