मष्णूची सुकी पानं

मष्णू माझा धाकटा भाऊ. त्येच्यासारखा कान आख्ख्या निपाणीत कुणाला न्हाय, ह्ये मी चारचौघांत सांगतो, आणि कुणी न्हाय म्हणूनच दाखवावं. मी शाळा सातवीत सोडली, त्येनं पाचवीत. पर तंबाखूच्या वखारीत त्यो पान नुसतं कानाजवळ चुरगाळतो आणि सांगतो, ह्यात ओल किती हाय. कोल्हापूरची गाडी गेली की घरात बसून म्हणतो, "आण्णा, हिचा मागचा दरवाजा ढिला झालाय." गुण आमच्या घराण्याचा हाय.

आमच्या लहानपणी दर भाऊबीजेला रेडिओवर एक श्रुतिका लागायची. भांडून गेलेला भाऊ लई वर्सांनी भाऊबीजेला येतो. बहिणीला डोळ्यानं दिसत न्हाय. अंगणातल्या सुक्या पाल्यावर त्येचं पाऊल वाजतं आणि ती वळखते. आमच्या शाळेतल्या चिंतामणी सरांनी तवा ऐकून ऐकून ती वहीत उतरून घेतलेली. यंदा भाऊबीजेला तीच समाजमंदिरात लोकांसमोर करायची ठरली. माइकसमोर कागद धरून बोलायचं, आणि पावलांचे, वादळाचे आवाज बाजूच्या टेबलावर काढायचे.

सरांचा पुतण्या श्रेयस बेळगावात कॉम्प्युटरवर हाय. त्यो म्हणाला, "आवाज सगळे माझ्या लॅपटॉपवर हाईत."

मीटिंगात कवा तोंड न उघडणारा मष्णू उठला. "आवाज मी काढतो. एक डाव द्या."

"द्या की. पण काका, पाऊल चुकलं तर मी बटण दाबणार. मग दरवर्षी लॅपटॉपच," श्रेयस म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. झालं, शब्द गेला.

मष्णूनं वादळाला पत्रा आणला, गाडीला बैलाची घंटा. पावलासाठी बिडीची चांगली पानं निवडून आठ दिवस माळवदावर सुकवली. ती बुट्टीत टाकून हातात जुन्या चपला घालून त्यो पानांवर हातानंच चालायचा. डोळे मिटले तर माणूसच आला वाटायचं. मी स्टँडावरच्या हॉटेलात सांगून ठेवलं, "बघायला या, माझा भाऊ यंत्राला हरवणार हाय."

भाऊबीजेदिवशी तीनला त्येच्या घरी गेलतो. घरात कुणी न्हवतं. सोप्यात सुक्या पानांचं पोतं. आमाला आईनं बिड्या वळून वाढवलं. पानं सांच्याला भिजवून ठिवली तर सकाळी मऊ हुत्यात, न्हायतर कात्रीखाली तुटत्यात. ती भिजवायची पाळी थोरल्याची, म्हणजे माझी. दुसऱ्या दिवसापासनं बिड्यांचं काम चालू हुणार. जयाबाई, म्हणजे मष्णूची बायको, इसरली असंल म्हणून मी सगळी पानं पाण्यात बुडवली आणि वल्या गोणपाटात गुंडाळली. आणि वर खूश झालो बघा.

चारला दोघं आली. मष्णूनं पोतं बघितलं, गोणपाट बघितलं. एक पान काढून कानाजवळ दुमडलं. पान वाजलंच न्हाय. तवा माझ्या ध्यानात आलं, ही खेळाची पानं.

जयाबाई म्हणाली, "आण्णा, एरवी प्यायचं पाणी बी हातानं घेत न्हाईसा, आजच बरं सुचलं!"

तव्यावर सुकवून बघितली, करपून काळी झाली. ऊन उतरलेलं. साडेसहाला खेळ.

"कातरण बी चालंल," मष्णू हळूच म्हणाला. "मूठभर न्हवं, पोतंभर पायजे."

पान कापून उरलेली कातरण आमच्या गल्लीत घराघरात असती. मी धावलो. पर दिवाळीच्या आंघोळी झालेल्या, सगळ्यांनी बंबात घालून संपवलेली. सहा घरं फिरलो. सहाव्या घरचा रवळू दारातनं हसला, "काय मालक, यंत्राला हरवणार हुतासा न्हवं?" एरवी त्येला सोडला नसता. तवा नुसता वळलो.

पावणेसहा झाले. राहिलं अंबुबाईचं घर. तिचा नवरा भाद्रपदात गेला. त्या घरात यंदा सण न्हाय, दाराला पणती न्हाय. तिथं नाटकाचं सामान मागायला जायचं कुठल्या तोंडानं? उंबऱ्याबाहेर तसाच हुबा राहिलो.

"कोण रं? घाम का फुटलाय तुला?"

सांगितलं सगळं. पानं मीच भिजवली, ह्ये बी सांगितलं. आजपर्यंत माझी चूक मी कुणाला सांगितली न्हवती.

म्हातारीनं मागच्या दाराकडं बोट केलं. मग म्हणाली, "यंदा बंब कुठं पेटला माझा! मागं दोन पोती हाईत, ने. पर मला तिथं येता येत न्हाय. एक कर्णा हिकडं तोंड करून लाव."

पोतं खांद्यावर घेऊन पोचलो, एक कर्णा अंबुबाईच्या घराकडं वळवला, तवा बाजाची पेटी वाजायला लागलेली. मष्णूला एकदा बी करून बघता आलं न्हाय. कातरण बारीक, तिचा आवाज येगळा. पत्रा झाला, घंटा झाली. मग पावलाची पाळी आली. श्रेयसचं बोट बटणावर. मी भिंतीला टेकलेलो.

मष्णूनं एक पाऊल टाकलं. बारीक, घासत आलेलं. आणि थांबला.

श्रेयसनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

मग दुसरं पाऊल आलं. परत थांबला. ती चाल तालमीतली न्हवती. पुढं यायचं का माघारी जायचं, ठरत नसलेल्या माणसाची हुती. बहिणीचं काम करणारी रचना पाच पावलांवर बोलणार हुती. ती दुसऱ्यालाच बोलली, "दारात का थांबलास रं? ये की आत."

चिंतामणी सर वही चाळाय लागले. ह्ये वाक्य वहीत न्हवतंच. लोकांत एक बाई हुंदका देऊन रडली, मग चार. श्रेयसनं लॅपटॉप मिटला.

खेळ झाल्यावर त्यो टेबलाजवळ आला. "काका, पुढच्या भाऊबीजेला काय काय लागंल, यादी द्या."

मष्णू चपला पिशवीत भरत म्हणाला, "बाकी माझं मी बघतो. तेवढं आमच्या आण्णाला पाण्यापासनं लांब ठिवा."

सगळी हसली. हसू देत. कातरण आणली कुणी?