कावळ्यांची रविवारची सुटी

सुभद्राबाईंच्या सांडग्यात खडा लागला, असं परळपासून शिवाजी पार्कपर्यंत कधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. डाळ निवडायला बसल्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई डाळीतल्या एकेकीची चौकशी करतायत. वाळवणासाठी नवऱ्याची, रामूची, जुनी धोतरं उकळून वेगळी ठेवलेली असत. त्यातल्या एकाला सख्ख्या दिराने हात पुसले, तर बाईंनी त्याच्याशी गणपतीपर्यंत अबोला धरला होता. रामू गिरणीत साच्यावर कापड विणायला होता. त्याच्या पगारावर घर चाले आणि बाईंच्या सांडग्या-फेण्यांवर घराची ऐट.

चाळ शिवडीच्या अंगाला, टेकडीच्या कुशीत. मागे कातळाची उतरण, सकाळपासूनच तापणारी. मे महिन्यात ही उतरण सुभद्राबाईंची, हे चाळीतल्या बायकांनी न बोलता मान्य केलं होतं. मान्य नव्हतं ते कावळ्यांना. सांडगे ओले असताना पहिल्या दिवशी काठी घेऊन राखणीला बसावं लागे, आणि बाईंची जरा पाठ वळली की एखादी ओळ गायब.

सत्तावन्नच्या मे महिन्यात मात्र नवल झालं. रविवारी सकाळी कावळेच फिरकेनात. गिरणीला सुटी तशी त्यांनाही असणार, असं म्हणून सुभद्राबाईंनी सांडगे रविवारीच घालायचे ठरवले आणि काठी दाराआड ठेवून दिली.

टेकडीपलीकडे खाडीच्या काठाला बंदूकवाल्यांचा एक क्लब होता. तिथे यंत्राने मातीच्या बशा हवेत भिरकावत आणि मंडळी त्या उडता उडता फोडत. गोरे साहेब गेले, आपले आले, बशा फुटतच राहिल्या. ज्यांना घरात कपसुद्धा फोडायची परवानगी नाही ते तिकडे जातात, असं चाळीतल्या बायकांचं मत होतं. एरवी त्या दिवसांत परळात बंदुकीचा आवाज ही हसण्याची गोष्ट नव्हती. छप्पनमध्ये पोलिसांनी मोर्च्यांवर केलेल्या गोळीबारानंतर दूर कुठे काही वाजलं, तरी माणसं मुलांना आत ओढून कडी लावत. रविवारचा आवाज तेवढा ओळखीचा झाला होता. कुणी दचकलंच तर दुसरी म्हणे, ‘बशांचा गो, पोलिसांचा नाही.’

पहिला खडा निघाला तो शिवाजी पार्कला पद्मजाबाईंच्या घरी. पद्मजाबाई जुन्या गिऱ्हाईक, आणि त्यांच्या मुलीच्या रुखवताचं सगळं वाळवण सुभद्राबाईंनीच करायचं ठरलेलं. जेवताना त्यांचे यजमान शामराव यांच्या दाढेखाली सांडगा कट्ट वाजला. पद्मजाबाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. सुभद्राबाई पुढच्या खेपेला गेल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “यंदा डाळ निवडायला दुसरी कुणी ठेवलीत का हो?”

थोबाडीत मारली असती तरी परवडली असती. वर रुखवताचं बोलणं निघालं, तर पद्मजाबाई म्हणाल्या की फणसवाडीतही एक बाई चांगलं करतात म्हणे. म्हणजे मुलीच्या सासरकडची माणसं रुखवताभोवती जमतील तेव्हा तिथे दुसरीच्या हातचे सांडगे असणार, आणि का, ते साऱ्या ओळखीत कळणार.

घरी येऊन बाईंनी राग काढला तो मीराबाईवर. मीराबाई झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याला छिन्नीने टाकी लावत हिंडे. तिने नुकतीच बाईंच्या पाट्याला टाकी लावली होती. दगडाची कच राहिली असणार, दुसरं काय? मीराबाई म्हणाली, पाटा धुऊन, कच उरली नाही हे कळावं म्हणून मीच त्यावर मीठ वाटून दाखवलं होतं. पण बाईंनी ऐकून घेतलं नाही. मीराबाई हत्यारं उचलून निघून गेली.

त्या रविवारी बाईंनी सांडगे घातले आणि यावेळी हलायचंच नाही, म्हणून तिथेच बसून राहिल्या. पलीकडे बार झाला. झाडावरचे कावळे काव काव करत परळ गावाकडे उडाले. क्षणभराने बाजूच्या पिंपावरच्या पत्र्यावर तडतड वाजलं, कुणी फोडणीत मोहरी टाकावी तसं. काहीतरी मनगटाला चटका देऊन गेलं आणि समोरच्या ओल्या सांडग्याला गालावर पडते तशी खळी पडली. बाईंनी बोट घालून काढलं, तर काळपट, गोल गोल, जड. दगडाची कच काही अशी गोल नसते. कावळ्यांना सुटी कोण देतं तेही कळलं, आणि मीराबाईची आठवण होऊन त्यांचं तोंड कडू झालं.

रामू संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस. त्याच्याकडे सगळ्यावर एकच औषध होतं. “मोर्चो काढूया,” तो म्हणाला. “मी समितीक सांगतंय.”

“तुमची समिती मुंबई महाराष्ट्रात आणेस्तोवर माझे सांडगे ओलेच ठेवू काय?” एवढं बोलून बाईंनी ती गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि शिवाजी पार्क गाठलं.

पद्मजाबाईंच्या तळहातावर त्यांनी ती ठेवली, तर पेपर वाचणाऱ्या शामरावांनी मान वाकवून पाहिलं आणि चष्मा कपाळावर नेला. हा तर बंदुकीचा छर्रा, ते म्हणाले. त्यांनाच आधी कळायचं कारण असं, की क्लबाचे मानद चिटणीस तेच होते. सकाळी खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून एप्रिलपासून नेमबाजांची तोंडं टेकडीकडे फिरवली होती, तीही त्यांनीच. पण छर्रा चाळीपर्यंत पोचणं शक्य नाही, मध्ये टेकडी आहे, हेही त्यांनी समजावून दिलं. पद्मजाबाई नवऱ्याच्या दाढेकडे बघत राहिल्या.

“मग या की रविवारी,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मी चहा करते, तुम्ही जरा कावळे राखा.”

शामराव आले, हट्टाने. ऊन लागेल म्हणून पद्मजाबाईंनी मोठी काळी छत्री दिली होती. धोतरावर ताजे सांडगे, शेजारी खुर्चीत छत्रीखाली चिटणीस. बाईंनी चहाची बशी हातात दिली आणि सांगितलं, “वर बघायचं नाही, साहेब. सांडगा बिघडला तर दुसरा घालता येतो, डोळा नाही.”

बार झाला. छत्रीवर टपटप वाजलं. आभाळात ढग नव्हता. दुसरा बार, पुन्हा टपटप, आणि एक छर्रा बशीतल्या चहात डुबुक करून बुडाला. शामरावांनी बशीतून नजर काढून आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या नळावर बायका कपडे धूत होत्या, पोरं कातळावर उघडीच खेळत होती.

“थांबवा त्यांना,” ते म्हणाले.

रामू वाटच बघत होता. हाताला लागलं ते धोतर घेऊन तो टेकडीच्या कोपऱ्यावर चढला आणि जोरजोरात फडकवू लागला. क्लबातल्या मंडळींना वाटलं मोर्चा आला. बंदुका भराभर खाली झाल्या. धोतर वाळवणाचं होतं. ते बाईंनी रामूला पुढे कधी विसरू दिलं नाही.

तोंडं परत खाडीकडे फिरली. ऊन पाठीशी यावं म्हणून वेळ दुपारी चारची झाली, आणि होडी दिसली की खेळ थांबवायला काठावर लाल निशाणवाला माणूस उभा राहू लागला. रविवारची झोप गेली म्हणून सभासद कुरकुरले, पण चिटणीसांनी ऐकलं नाही. सुभद्राबाईंनी मीराबाईला शोधून आणलं, गरज नसताना पाट्याला पुन्हा टाकी लावून घेतली, आणि ते होईपर्यंत तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. मीराबाईने मीठ वाटून दाखवलं नाही. बाईंनी मागितलंही नाही.

रुखवताचं काम परत आलं. फक्त रविवारी सकाळी कावळेही परत आले, मागची सगळी वसुली करायच्या तयारीने. सुभद्राबाई शिवाजी पार्कला फेण्या पोचवायला गेल्या तेव्हा त्यांनी भीत भीत विचारलं, “छर्रा नको साहेब, पण सकाळी नुसता आवाज मिळेल का?”

शामराव काही बोलायच्या आत पद्मजाबाईंनी कोपऱ्यातली छत्री काढून नवऱ्याच्या हातात दिली. “आता यांची सकाळ मोकळीच असते. यांनाच घेऊन जा राखणीला.”

सांडगे लेकीच्या रुखवताचे होते. शामराव मुकाट्याने चपला शोधू लागले.