भिंतीपलीकडची मंजिरेवाली

माझ्या भावाच्या श्राद्धाला कावळा शिवेना, आणि त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. शिकवायचं काम मी पस्तीस वर्षं केलंय, बडोद्यातल्या मराठी शाळेत, गणिताचं. स्वतः काही शिकून घ्यायची सवय मात्र लागली नाही.

भाऊ म्हणजे दत्तात्रेय. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर. आमचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते. त्यांची सहा फुटांची उंची दत्तूने उचलली, बाकी शौर्याच्या नावाने शंख. झुरळ दिसलं तरी खाटेवर चढायचा. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. मागे राहिली मोहना, त्याची बायको. ही गोष्ट तिची आहे. मी मधेमधे येते, कारण मला गप्प बसवत नाही.

मोहना छाणीला राहते. दोन खोल्या, एक शिवणाचं मशीन, एक हिंचका, म्हणजे झोपाळा. आख्ख्या सोसायटीचे ब्लाउज ती शिवते आणि एकीनेही कधी परत आणून तोंडावर टाकला नाही. बुटकी, गोरी, हळू बोलणारी. मी दहा वाक्यं बोलते तेव्हा ती एक बोलते, आणि लोक तिचं ऐकतात. मूलबाळ झालं नाही. त्यावरून तिला टोमणे मारणाऱ्या दोन बायकांना मी लग्नाच्या पंगतीत उभं करून झापलं होतं, तेव्हापासून तो विषय आमच्या नात्यात बंद.

साखरपुडा झाला एक्क्याण्णव साली आणि लग्नाला सहा महिने मुहूर्त नव्हता. त्या वेळी बडोद्यात ‘वडवाई’ नावाच्या गाणाऱ्या मंडळींचं वेड होतं. वडवाई म्हणजे गुजरातीत वडाची पारंबी. गायला कौमुदीबेन, पेटीवर सलील, तबल्यावर नगीनभाई, साथीला मंजिरे, म्हणजे आपले छोटे टाळ. गुजराती गायचे, हिंदी गायचे, बडोद्याच्या मराठी लोकांसाठी एखादं मराठीही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निजामपुऱ्यातल्या मैदानावर कार्यक्रम. आत जायला पास लागायचा आणि पास मिळायचा नाही, हे तेव्हाही असंच होतं बरं का. मग आमचं जोडपं मैदानामागच्या भिंतीशी उभं राहून ऐकायचं. मोहनाला भिंतीपलीकडचं काही दिसायचं नाही. दत्तू टाचा उंचावून बघायचा आणि तिला एकेक सांगायचा. कौमुदीबेन आज जांभळ्या साडीत. नगीनभाई घाम पुसतोय. आणि त्या कोपऱ्यात मंजिरे वाजवणारी पोर बसलीये, सातेक वर्षांची, आज निळा फ्रॉक, दोन वेण्या.

ती पोर मोहनाच्या मनात बसली. कौमुदीबेन राहिली बाजूला. पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न, “आज कोणता फ्रॉक?”

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी वडवाईवाल्यांचं एकमेकांत बिनसलं आणि तिघं तीन दिशांना गेले. पण ती पोर आमच्या घरात राहिली. हिंचक्यावर बसून चहा पिताना दत्तू म्हणायचा, “आता दहावीला असेल ती.” पुढे म्हणाला, “कॉलेजला जात असेल, स्कूटी घेतली असेल.” मग एक दिवस, “लग्न झालं असेल. सुरतेला दिली असेल.” मोहना लगेच, “सुरतेला नको हो, लांब पडतं.” मी समोर बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, दोघांना वेड लागलंय. मूर्ख मी. मला वेळेवर काही कळलंय असं झालंच नाही कधी.

तर या सप्टेंबरात बातमी आली. सत्तावीस वर्षांनी वडवाई पुन्हा एकत्र, एकच कार्यक्रम, तोही त्याच मैदानावर, डिसेंबरात. मोहना स्वतः बस पकडून माझ्याकडे आली. आयुष्यात तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

“वन्सं, मला ती मुलगी एकदा बघायचीय.”

“अगं, जाहिरातीत तिघंच आहेत.”

“ती तेव्हा लहान होती, तिचं नाव कोण छापणार? पण बोलावतील ना तिला. दोन तिकिटं काढाल? एक यांचं. भिंतीमागून पुष्कळ ऐकलं, एकदा खुर्चीवर बसू म्हणायचे.”

तिकिटं मोबाइलवर, अमुक दिवशी दुपारी बारा वाजता सुटणार होती. आणि तो दिवस नेमका पितृपक्षातल्या षष्ठीचा, दत्तूच्या श्राद्धाचा. माझी सून शिवांगी बँकेत आहे, हुशार आहे. ती म्हणाली, “आई, चिंता नको ने, मी काढते.”

त्या दिवशी छाणीच्या घरात सगळा स्वयंपाक. खीर, वडे, अळूवडी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. माझ्या मुलाने तर्पण केलं. कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि आम्ही हात जोडून उभे. बघते तर शिवांगी पाठीमागे मोबाइलमधे डोकं घालून.

“आई, नंबर लागलाय. आपल्यापुढे शंभरच जण आहेत.”

माझं डोकंच फिरलं. “पितृपंधरवड्यात खरेदी? आणि तीही गाण्याबजावण्याची? अजून कावळा शिवला नाही आणि तुझी बोटं चालतायत! आण तो इकडे.” मोबाइल हिसकावला, खाली जाऊन कपाटात टाकला, किल्ली कमरेला. मोहना माझ्याकडे बघत होती.

कावळा येईना. समोरच्या टाकीवर दोन बसलेले, मान वाकडी करून बघत होते, पण पानाला शिवत नव्हते. आमच्यात म्हणतात, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग सुरू झाल्या कबुल्या. मी म्हटलं, “दत्तू, मोहनाला आम्ही अंतर देणार नाही.” कावळा ढिम्म. मुलगा म्हणाला, “मामा, तुमची सायकल विकणार नाही.” ढिम्म. शिवांगीने खालच्या गाडीवरून सेवउसळ आणून ठेवली, दत्तूचा जीव की प्राण. श्राद्धाच्या पानात कांदा-लसूण! मी डोळे मिटून घेतले. तरी नाही.

शेवटी मोहना पुढे झाली. हलकेच म्हणाली, “अहो, तिकीट काढते हो मी. आपण बघू तिला.”

खोटं वाटेल, पण टाकीवरचा एक उठला, सरळ कठड्यावर आला आणि वडा घेऊन गेला.

मी धावत जाऊन कपाट उघडलं. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तिकिटं नऊ मिनिटांत संपली होती. आणि शिवांगीने दाखवलं, तीच तिकिटं, तशाच खुर्च्या, दुसऱ्या एका ठिकाणी दसपट भावाने विकायला लावलेली.

“इतक्या लवकर यांच्या हाती आली कुठून?”

“मशीन लावतात, आई. माणसाचं बोट पोचायच्या आत शेकडो तिकिटं उचलतात.”

मी इतक्या शिव्या दिल्या की माझ्या मुलाने खिडकी लावून घेतली. पुढचे दोन महिने मी भुतासारखी मागे लागले. आयोजकांच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. काउंटरवरची पोरगी दर वेळी “बेन, बधुं ऑनलाइन छे”, म्हणजे सगळं ऑनलाइन, असं सांगून हसायची. तिथे माझ्यासारखे कितीतरी भेटले. एक निवृत्त नर्स, चार मोबाइल घेऊन बसली होती, एकही चालला नाही. एक गृहस्थ वडवाईच्या जुन्या कॅसेट पिशवीत घालून आले होते, पुरावा म्हणून. या लोकांनी ती गाणी सत्तावीस वर्षं जपली आणि तिकिटं गेली कोणाकडे, तर ज्यांना पेटी आणि तबला यांतला फरक कळत नाही त्यांच्याकडे.

शेवटी तिकिटं विकणाऱ्याचा पत्ता लागला, छाणीतच, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. आत गेले तर गल्ल्यावर अनुज. माझा विद्यार्थी, सातवी ब. तो उठून पाया पडला.

“बसा ने, बाई.”

“बसायला आले नाही. तिकिटं तू विकतोस काळ्या बाजारात?”

“दोन उरलीत, बाई. तुम्हाला देतो, पण मीही वरच्या माणसाकडून घेतलीत, भाव मोडता येणार नाही.”

तिथे गप्प बसून दोन तिकिटं घ्यायची होती. पण गप्प बसेल ती विजयमाला कसली! मी त्याला ऐकवायला सुरुवात केली. राम, हरिश्चंद्र, माझी छडी, त्याच्या आजोबांचं नाव. तो मान खाली घालून ऐकत होता आणि हाताने मोबाइल चाळत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, “बाई, एक गेलं आत्ता. एकच उरलंय.”

ते मी घेतलं. केवढ्याला, ते विचारू नका. जन्मात रॉकेलसुद्धा कधी काळ्या बाजारात घेतलं नव्हतं. मोहनाला सांगितलं, एकाने परत केलेलं मिळालं, सरळ भावात. ती तिकीट दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, “एकच? असू दे. मी बघेन आणि यांना सांगेन.”

कार्यक्रम रविवारी पाच वाजता होता. मोहना गर्भरेशमी साडी नेसली, तिच्या लग्नातली. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि मागच्या बाजूला गेले. ती जुनी भिंत तशीच आहे, वर आता पत्रे ठोकलेत. तिथे चहाच्या गाडीचं बाकडं होतं, त्यावर बसले. आत कौमुदीबेनचा आवाज लागला. जरा घोगरा झालाय, पण तोच. भिंतीशी माझ्यासारखे पन्नासेक जण उभे होते, केस पिकलेले. मला दत्तूची अशी आठवण आली की हातातला चहा तसाच गार झाला.

पाऊण तासाने मोहना समोर उभी.

“काय गं? बरं वाटत नाही का? आता परत आत सोडणार नाहीत!”

“मला जायचं नाही.” ती शेजारी बसली. “तिघंच आहेत, वन्सं.”

“येईल ती मागून.”

“नाही येणार. सलीलभाईंनीच सांगितलं. लोकांनी ओरडून विचारलं, मंजिरे कोण वाजवतंय? तर त्यांनी पायजमा वर करून पाय दाखवला. म्हणाले, पहिल्या दिवसापासून मंजिरे माझ्या पायाला बांधलेले आहेत. आम्ही तिघंच होतो, चौथं कोणी कधी नव्हतंच. सगळे हसले.” तिने पदर बोटाला गुंडाळला. “मग हे मला फ्रॉकच्या रंगासकट कोणाचं सांगायचे? मला का फसवलं त्यांनी?”

आता बोलणं भाग होतं. चौतीस वर्षं जी गोष्ट पोटात ठेवली ती बाहेर काढली.

“मोहना, दत्तूला लग्नानंतर कारखान्यातल्या वाफेने चष्मा लागला असं तुला सांगितलं, ते खोटं. चष्मा नववीपासून होता, चांगला जाडजूड. तुझ्या आजीने निरोप धाडला होता, चष्म्याचा जावई नको. मग आम्ही लपवला. दर शनिवारी तो माझ्या घरी यायचा, चष्मा फडताळात ठेवायचा आणि मग तुला भेटायला जायचा. त्याला भिंतीपलीकडचं काय दिसणार? तुझं नाक तरी धड दिसत होतं की नाही, देव जाणे.”

मला वाटलं, संपलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

“म्हणजे कौमुदीबेनची जांभळी साडी...”

“बाई उभी आहे की खांब, ते कळलं असेल तर पुष्कळ.”

ती फस्सकन हसली. पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “मंजिरे तेवढे ऐकू यायचे हो त्यांना. आणि मला काही दिसत नाही म्हणून... वन्सं, सुरतेला दिली हो आम्ही तिला. हे गेले आणि आज तीही गेली.”

मला कोणाला जवळ घेता येत नाही. तेवढी अक्कल देवाने दिली नाही. मी तिचा हात धरून बसले. तिच्याशी खोटं बोलणाऱ्यांतली मी एकटीच उरले होते आणि तिने तो हात सोडवून घेतला नाही. आत नवं गाणं सुरू झालं, मंजिरे वाजू लागले. मोहनाने डोळे पुसले. मान वर करून भिंतीकडे बघितलं.

“वन्सं, बघा ना जरा. आज काय नेसलीये ती?”

मी उठले. चष्मा काढून पर्समधे ठेवला. बाकड्यावर चढले, पत्र्याला धरून टाचा उंचावल्या. माझी उंची ती केवढी! पुढ्यात नुसता पत्रा.

“पिवळी साडी,” मी म्हटलं. “हिरवे काठ. केसांत अबोली.”

“आणि तब्येत?”

“जरा सुटलीये.”

“सुरतेचं खाणं ते,” मोहना म्हणाली. “मी यांना तेव्हाच सांगत होते, सुरतेला नको.”