बाईंचा पाण्याचा घोट

कचेरीच्या दाराशी बाई थांबायच्या, पिशवीतून स्टीलची बाटली काढायच्या, एक मोठा घोट घ्यायच्या आणि तो गिळायच्याच नाहीत. गाल फुगवून, मुलांना हातानेच पुढे घालून त्या आत यायच्या. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, दाढ दुखतेय बिचारीची.

मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा शहरातल्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होतो. बाई पेठेतल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी दोन बस बदलून येरवड्याला जायच्या आणि तिथल्या नववी-दहावीच्या मुलांचा नेतृत्ववर्ग घ्यायच्या. नेतृत्व म्हणजे भाषण ठोकणं, अशी आपली समजूत. बाईंच्या वर्गात भाषण नव्हतंच. वस्तीतली एक अडचण मुलांनी शोधायची, अर्ज लिहायचा आणि कचेरीत जाऊन स्वतः बोलायचं. बाई नुसत्या सोबतीला, तोंडात पाणी धरून.

"अहो, जन्मभर शिकवलंय," त्या मला एकदा म्हणाल्या. "पोर जरा अडखळलं की माझी जीभ पुढे धावते. तोंडात पाणी असलं म्हणजे अक्कल बाहेर सांडत नाही."

साहेबापुढे आम्ही मूग गिळून बसायचो आणि बाई पाणी धरून. यातला फरक मला फार उशिरा कळला.

त्या वर्षी मुलांना अभ्यासिका हवी होती. वस्तीतल्या समाजमंदिरात आमच्या कचेरीने मोडक्या खुर्च्या कोंबून कुलूप घातलं होतं. नववीतली सविता सगळ्यांच्या पुढे. घरी एक खोली, सहा माणसं आणि दिवसभर चालणारा टीव्ही, म्हणून ती जिन्यात बसून अभ्यास करायची. दहावीला नापास झाली तर शिक्षण बंद, हे घरी ठरलेलं होतं.

मुलं तीनदा आली. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," हे तिन्ही वेळा मीच सांगितलं. साहेब आत चहा घेत होते, पण तसं सांगायची पद्धत नसते. चौथ्या खेपेला मुलं हललीच नाहीत. बाकावर बसली आणि त्यांनी डबे उघडले. मटकीच्या उसळीचा वास केबिनपर्यंत गेला, तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. फाईल घेऊन मीही गेलो.

"हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?" साहेबांनी बाईंकडे पाहत विचारलं. बाईंनी फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

सविता पुढे सरकली. "बाई बोलनार नाईत, साहेब. आमी बोलतोय."

"त्या हॉलची चावी हरवली आहे."

सविताने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण घोट जागचा हलला नाही.

"आमी चावी मागतच नाय," सविता एकदम म्हणाली. "कुलूप तोडायची परवानगी द्या. नवीन आमी आनलंय." तिने दप्तरातून कोरं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. शेजारी आतल्या सतरा खुर्च्यांची यादी ठेवली. खिडकीतून मोजून, कुठली दुरुस्त होईल तेही लिहिलेलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चावी हरवली नव्हती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीखाली होती आणि साहेबांनाही ते ठाऊक होतं. मी बाहेर गेलो, ती घेऊन आलो आणि कुलपाशेजारी ठेवली.

"सापडली, साहेब."

साऱ्या नोकरीत मी एवढं मोठं काम दुसरं केलं नाही. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सही केली.

जिन्यात पोरांनी जो काय जल्लोष केला! बाईंनी तोंडातलं पाणी बाहेरच्या कुंडीत टाकलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सविता, खुर्च्या अठरा आहेत. दारामागची एक राहिली."

त्याच अभ्यासिकेत बसून सविता दहावी झाली, तीही पहिल्या वर्गात. आज ती वाघोलीला शाळेत शिकवते.

बाई गेल्या वर्षी गेल्या. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. आता शनिवारी मीच वर्गाला जातो. परवा मुलं रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज घेऊन माझ्याच जुन्या कचेरीत गेली. दाराशी मी बाटली उघडून मोठा घोट घेतला. माझ्या टेबलावरच्या नव्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. जीभ नुसती वळवळत होती. मी गालाकडे बोट दाखवलं आणि बाकावर जाऊन बसलो.

मुलं शेजारी येऊन बसली आणि त्यांनी डबे उघडले.