रंग आला का?
काल दाराला रंग देणाऱ्याने थिनरची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला सांगलीतली नव्वदच्या दशकातली लॅब आठवली. तिथे मी टेक्निशियन होते. कुपवाडला लेथवर काम करणाऱ्या एकाच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला होता. गाठ कुठल्या प्रकारची ते ठरेना, म्हणून डॉक्टरांनी पुण्याहून बर्फात घालून अँटिबॉडी मागवली. चेतापेशींना एकमेकींशी जोडणारं एक प्रथिन त्या तुकड्यात असेल, तर अँटिबॉडी त्याला चिकटणार आणि काचेवर तपकिरी रंग चढणार होता. रंग चढला, तर गाठ फार झपाट्याने पसरणारी. त्याची बायको सकाळपासून बाहेर बाकावर बसली होती. रंग येतो का ते बघायचंय, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. दुपारी मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर पेशीन्‌पेशीची कड तपकिरी झालेली. डॉक्टरांना दाखवून मी बाहेर आले, तशी ती उठली. "आवं ताई, रंग आला का?" "आला," मी म्हणाले. तिने हात जोडले. "लय बरं झालं. देवाला त्येच मागत हुते. गावाकडं फोन करून येते." डॉक्टर अजून रिपोर्ट लिहीत होते. ती भराभरा पायऱ्या उतरून गेली आणि मी तिला थांबवलं नाही.